कोलोस्टॉमीधारकाचा मलावरोध : चूर्ण देण्यापूर्वी

रामनवमीस मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या दर्शनार्थ बंजारा भाविक दूरदूरहून येतात. चैत्रातील ऊन, लांबचा प्रवास, उपवासाचा साबुदाणा आणि बेताचे पाणी. मलावष्टंभाच्या तक्रारी वाढणारच. परंतु पोटावर पिशवी असलेला रुग्ण आल्यास वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी नेहमीचे विरेचन लगेच देऊ नये.

प्रथम शस्त्रक्रियेचे कागद पाहावेत. मोठ्या आतड्याचे तोंड बहुधा डावीकडे असते व मल बांधीव येतो. लहान आतड्याचे (इलिओस्टॉमी) बहुधा उजवीकडे, मल द्रवरूप. दुसऱ्या प्रकारात विरेचन सर्वथा वर्ज्य होय. तेथे क्षार व जल झपाट्याने जातात. नुसते पाणी पाजून भागत नाही, ओआरएस द्यावे. क्वचित गोळ्याही न विरघळता पिशवीत सापडतात.

कोलोस्टॉमीत दोन दिवस मल न येणे एवढ्यावरून घाबरू नये. वायू सरत असेल, उलटी नसेल, उदर मृदू असेल तर जलपान वाढवावे, पचेल तसा तंतुयुक्त आहार द्यावा. इसबगोल भरपूर पाण्यासहच; अपुऱ्या पाण्यात तोच अडसर होतो.

याउलट मल व वायू दोन्ही बंद, मुरडून शूल, आध्मान, उलटी, अशी लक्षणे एकत्र दिसल्यास तो आंत्रावरोध समजावा. येथे एक फसगत होते. अर्धवट अवरोधात अडलेल्या मलाच्या बाजूने दुर्गंधी पातळ द्रव झिरपतो, आणि अतिसार समजून स्तंभन दिले जाते! मुखाभोवतीचा फुगवटा (हर्निया) आडवे झाल्यावर बसत नसेल व दुखत असेल तर तेही गंभीर. निरोगी मुख गालाच्या आतील त्वचेसारखे लाल व ओलसर असते. ते जांभळे वा काळे पडल्यास त्वरित शल्यचिकित्सकाकडे न्यावे. मुखावाटे स्वतः बस्ती देऊ नये.

बद्धगुदोदरात सुश्रुताचार्यांनीही (चिकित्सास्थान, अध्याय 14) नाभीखाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून उदर उघडण्यास व आतड्यांतील खडा, केस वा मल काढण्यास सांगितले आहे. अवरोध शल्यसाध्य आहे हे आपल्याच शास्त्राने मानले असता चूर्णावर विसंबून रात्र का काढावी?

अशा रुग्णास तोंडाने काहीही न देता, रिकामी पिशवी व कागद सोबत देऊन, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. चिठ्ठीत शेवटचा वायू केव्हा सरला, ती वेळ अवश्य लिहावी.