गुच्छीची साठवण

काश्मीर व हिमाचल प्रदेशातील वनांत बर्फ वितळल्यावर, वसंत ऋतूत, गुच्छी उगवते. ही अळंबी खुडल्यानंतरही श्वसन करीत राहते. शिवाय तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी असल्यामुळे ती लवकर सडते. प्लास्टिकच्या पिशवीत तिला घाम फुटतो व जाळीदार टोपी बुळबुळीत होते. म्हणून ती न धुता, माती झटकून, कागदात सैल गुंडाळून शीतकपाटात ठेवावी आणि दोनतीन दिवसांत संपवावी. पहाडी घरांत मात्र गुच्छी दोऱ्यात ओवून चुलीवर टांगतात. तिला धुराचा वास लागतो खरा, पण वाळलेली माळ घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर टिकते. कच्ची गुच्छी बाधते. वाळवलेलीही पूर्ण शिजवूनच खावी. काही विषारी अळंब्यांचे विष मात्र वाळवण्याने जात नाही, शिजवण्यानेही नाही.