मालकी कारागिरांच्या हाती : चालता धंदा सहकारी संस्थेत कसा बदलावा?

आम्ही कापडाच्या व्यापारात वाढलो. दलाली, अडत, कमिशन हे शब्द आम्हाला नवे नाहीत. आता दलालाची गादी मोबाइलमध्ये गेली आहे, एवढाच फरक. आपल्या छत्रपती संभाजीनगरात शहागंज किंवा रोशन गेटचा तरुण हिमरू शालीचे, भरतकामाचे व्हिडिओ तयार करतो, एखाद्या नव्या कंपनीच्या मंचावर टाकतो आणि तेथून गिऱ्हाईक येते. मेहनत त्याची, हुन्नर कारागिराचा. पण गिऱ्हाइकांची यादी, कमिशनचा दर आणि मंच बंद करण्याचा अधिकार कंपनीच्या मालकाचा. उद्या मालकाने कंपनी दुसऱ्याला विकली तर वर्षानुवर्षे जोडलेले गिऱ्हाईक एका रात्रीत परके होते. म्हणून अशी कंपनी तिच्यावर काम करणाऱ्यांच्याच मालकीची करता येईल काय, हे आज पाहू.

कमानी ट्यूब्जचा धडा

आपल्या राज्यात याचे मोठे उदाहरण मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज या कारखान्याचे आहे. मालक कुटुंबातील भांडणे व तोटा यांमुळे हा कारखाना 1985 मध्ये बंद पडला. कामगारांनी सहकारी संस्था काढून तो स्वतः चालविण्याची योजना मांडली. 1988 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि 1989 मध्ये कारखाना कामगारांच्या ताब्यात आला. देशभर त्याची चर्चा झाली.

पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. सुरुवातीची वर्षे बरी गेली. नंतर खेळत्या भांडवलाची टंचाई आणि अंतर्गत मतभेद वाढले व नव्वदच्या दशकात कारखाना पुन्हा आजारी पडला. यातून आम्ही असे समजतो की, मालकी मिळाली म्हणजे माल खरेदीला रोकड मिळाली असे होत नाही. शिवाय येथे मालकी हाती आली ती धंदा मेल्यावर. मेलेला धंदा स्वस्तात मिळतो, पण त्याला उठविणे महाग पडते.

लेखकांनी घेतलेले दुकान

याच्या उलट उदाहरण केरळात कोट्टयमचे आहे. 1945 मध्ये बारा लेखकांनी एकशेवीस रुपये भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संस्था काढली. 1949 मध्ये नॅशनल बुक स्टॉल हे चालते दुकान संस्थेकडे आले. पुस्तक लिहिणारा आणि दुकानाचा मालक एकच झाला. संस्थेने लेखकाला तीस टक्के मानधन दिले. त्या काळी एवढे कोणी देत नसे.

आजच्या काळात कॅनडाची स्टॉक्सी ही संस्था पाहा. छायाचित्रे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या संस्थापकाने ती कंपनी 2006 मध्ये विकली. पुढे तेथे छायाचित्रकारांचा वाटा घटत गेला. तेव्हा त्याच माणसाने सोबत्यांसह 2013 मध्ये ही सहकारी संस्था उभी केली. तेथे साध्या विक्रीत निम्मी रक्कम छायाचित्रकाराला मिळते व तो संस्थेचा सभासदही असतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 नुसार संस्था काढण्यास वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. सामान्यतः एका व्यक्तीला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून अधिक शेअर घेता येत नाहीत. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांश पंधरा टक्क्यांच्या वर देता येत नाही. सभासद एकाहून अधिक राज्यांतील असतील तर 2002 चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागू होतो.

दुसरी वाट उत्पादक कंपनीची. तिलाही दहा उत्पादक पुरतात, आणि हातमाग व हस्तकलेचा माल तिच्या व्याख्येत बसतो. म्हणून विणकरांना ती सोयीची आहे. पण केवळ व्हिडिओ करणाऱ्याला ती वाट मिळेलच असे नाही. त्याने सहकारी संस्थेचाच विचार करावा.

सोपा व्यवहार असा की आधी संस्था नोंदवावी आणि मग तिने कंपनीचा धंदा करारपत्राने विकत घ्यावा. नोंदणीपूर्वी सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात व चार्टर्ड अकाउंटंटकडे विचारपूस करावी.

एक हिशेब

समजा कंपनीची किंमत दहा लाख ठरली. दोनशे सभासदांनी प्रत्येकी हजार रुपये भरले, दोन लाख जमले. आठ लाख देणे राहिले. मंचावर महिन्याला दहा लाखांची विक्री होते, कमिशन दहा टक्के, म्हणजे एक लाख. खर्च सत्तर हजार जाता तीस हजार उरतात. वर्षाचे तीन लाख साठ हजार. त्यातून चौथा हिस्सा, नव्वद हजार, राखीव निधीत. उरले दोन लाख सत्तर हजार. म्हणजे जुन्या मालकाचे देणे सुमारे तीन वर्षांत फिटते. कर धरला तर थोडे अधिक. मात्र या तीन वर्षांत कोणालाही लाभांश मिळणार नाही, हे सभासदांना पहिल्याच सभेत सांगावे. पुढचे भांडण तेथेच टळते.

करारात काय लिहावे?

1. कंपनीचे नाव, बोधचिन्ह, संगणक प्रणाली, गिऱ्हाइकांची यादी व सर्व खात्यांचे पासवर्ड संस्थेच्या नावे होतील. यादी राहिली तर हाती नुसता रिकामा गाळा येतो.

2. सभासद कोण, हे उपविधीत स्पष्ट असावे. जो मंचावर वर्षभरात काम करतो किंवा माल विकतो तोच मतदार राहील.

3. संस्थापकाला पगारी व्यवस्थापक ठेवावे. त्याचा अनुभव गमावू नये. पण मत त्यालाही एकच.

4. किमान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रोकड बाजूला असल्याखेरीज ताबा घेऊ नये.

5. वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवावा, आणि तो मराठीत व उर्दूत छापून प्रत्येकाला द्यावा. ज्याला हिशेब कळत नाही तो नावाचाच मालक.

शिर्कतीचा धंदा आपल्या लोकांना नवा नाही. पण आपल्याकडे शिर्कत दोन-तीन भावांत होते आणि बहुधा तोंडी होते. दोनशे माणसांची शिर्कत कागदाशिवाय टिकत नाही. ज्या तरुणांनी अशी कंपनी काढली आहे त्यांनी ती परक्याला विकण्यापूर्वी आपल्या कारागिरांना एकदा विचारावे. आणि कारागिरांनी दुकान चालते असतानाच हा प्रश्न काढावा. कुलूप लागल्यावर वाटाघाटीला काही उरत नाही.