शंका-समाधान : मुलाला घरात घ्यावं, पण शेताचं काय?

शंका : पाळकसाहेब, आमची जेऊरजवळ शेती आहे. धाकट्यानं भांडून वाटणी घेतली, हिश्श्याची केळीची बाग विकली आणि पुण्यात सगळा पैसा उडवला. आता घरी येऊ का म्हणून विचारतो. थोरला म्हणतो, तो आला तर मी वेगळी चूल मांडीन. देव क्षमा करतो हे मान्य, पण बापानं किती करायची?
– एक वाचक, जेऊर

समाधान : उधळ्या पुत्राचा दाखला तुम्ही अनेकदा ऐकला असेल. उपदेशात तो बहुधा मेजवानीपाशी थांबतो. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय शेवटपर्यंत वाचा. त्या बापानं मुलगा दुरून दिसताच धाव घेतली. मुलानं वाटेत क्षमेचं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं ‘मला मजूर म्हणून ठेवा’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघण्याआधीच बापानं झगा, अंगठी, जोडा मागवला. पैशाचं काय केलंस, असं विचारलंसुद्धा नाही. देवाची क्षमा अशी आहे. आधी सुधारून दाखव, मग दार उघडतो, असा तिचा व्यवहार नाही.

पण पुढचं ऐका. थोरला अंगणात रुसून बसला, तेव्हा बाप त्याच्याकडेही स्वतः बाहेर गेला आणि त्याला सांगितलं की माझं जे आहे ते तुझंच आहे. म्हणजे वाटणी पुन्हा झाली नाही! धाकट्याला घर मिळालं, मुलाचा मान मिळाला. विकून खाल्लेला हिस्सा थोरल्याच्या वाट्यातून भरून दिल्याचं त्या दाखल्यात कुठंही नाही. तुमच्या थोरल्याला बहुधा हीच धास्ती आहे. त्याला ‘मन मोठं कर’ असं सांगून ती जाणार नाही. सातबाऱ्यावरचं त्याचं नाव तसंच राहील, हे भावाच्या येण्याआधी त्याच्यापाशी बसून स्पष्ट बोला.

तुमच्याच रेल्वेमार्गावर, दौंडच्या पुढं पुण्याच्या बाजूला, केडगाव आहे. तिथं निराधार स्त्रियांसाठी मुक्तिसदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये होत्या. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी तिथं पाहिल्या आणि हे तुम्ही कशासाठी करता, असं त्यांना विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे होऊन गेलेल्या त्या बाईकडे येशूनं आधी पाणी मागितलं, तिच्या आयुष्याचा विषय नंतर निघाला. रमाबाईंच्या मनावर या गोष्टीचा खोल परिणाम झाला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं केडगावला मुक्तिसदनाबरोबर त्यांनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदनही उभं केलं. मुक्तिसदनात आसरा होता, तशी शेती, विणकाम आणि छापखान्याचं कामही होतं. तुमच्या मुलालाही घरात घ्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लावा. व्यसन असेल तर त्यावर उपचार करा. ते नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका.

शंका : माझे वडील दारू पिऊन आम्हाला मारायचे. प्रभूच्या प्रार्थनेत देवाला ‘पिता’ म्हणताना माझा आवाजच निघत नाही. हे पाप आहे का?
– एक भगिनी, करमाळा तालुका

समाधान : नाही. पाप मारणाऱ्याचं होतं. देव बाप कसा असावा हे तुमच्या वडिलांवरून ठरत नाही. उलट तुमच्या वडिलांनाच त्याच्यापुढं जाब द्यावा लागेल. ‘पिता’ म्हणणं जड जात असेल तर सत्ताविसावं स्तोत्र वाचा. आईबापांनी टाकलेल्या माणसाला परमेश्वर जवळ घेतो, असं तिथं दावीद म्हणतो. यशयाच्या पुस्तकात देव स्वतःची तुलना लेकराचं सांत्वन करणाऱ्या आईशी करतो. पंढरपूर तुम्हाला लांब नाही, देवाला माउली म्हणणं आपल्या मातीला नवं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंगांच्याच परंपरेत वाढले. त्यांनीही ख्रिस्ताला आई म्हणून आळवलं आणि त्यांची भजनं आपल्या मंडळ्या आजही गातात.

वडिलांना क्षमा करण्याची घाई कोणी लावत असेल तर ऐकू नका. आणि क्षमा केली म्हणून त्यांच्या हाताखाली पुन्हा राहायला जायचं, असाही अर्थ नाही. ते अजून पीत असतील तर लेकरांना त्यांच्यापाशी एकटं सोडू नका.

शंका : सोसायटीत असताना मी थोडी रक्कम खाल्ली. पश्चात्ताप केला, देवानं क्षमा केली. तरी पैसे परत करायलाच हवेत का?
– नाव दिलेले नाही

समाधान : हो. येशू जक्कयाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तेव्हा जकातदार जक्कय अजून लबाडच होता. पण त्या पाहुण्यासमोर उभं राहून त्यानं फसवलेल्यांना चौपट देण्याचं कबूल केलं. तुम्हाला चौपट कोणी मागत नाही. सचिवांना भेटा, खरं सांगा, रक्कम भरा आणि पावती घ्या.