वेब डेव्हलपर आणि शिक्षकही: एकच पोर्टफोलिओ कसा मांडावा

'धड कंपनीत जात नाही, धड शिक्षकाची नोकरी धरत नाही,' अशी तक्रार घेऊन दरवर्षी निकालानंतर पालक भेटायला येतात. मुलगी किंवा मुलगा दिवसा वेबसाइटची छोटी-मोठी कामे घेतो, संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो आणि घरच्यांना त्यात कुठेच ठाव लागत नाही. ही काळजी खरी आहे. तरीही या दोन कामांची सांगड मला कमकुवत वाटत नाही. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय आहे, त्यात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी येते. हा विषय शिकवणाऱ्याने स्वतः खरी वेबसाइट उभी केलेली असेल, तर वर्गात लगेच फरक पडतो. कंपनीतही आपला कोड नव्या सहकाऱ्याला नीट समजावून देणाऱ्या माणसाला मान असतो. पण ही सांगड बायोडेटाच्या एका पानावर उमटत नाही. तिथे फक्त दोन अर्धवट वाटणाऱ्या नोंदी दिसतात. म्हणून स्वतःची पोर्टफोलिओ वेबसाइट हवी, आणि त्या वेबसाइटवर डेव्हलपर नि शिक्षक यांना वेगळ्या खोल्या देऊ नयेत असे माझे ठाम मत आहे.

बहुतेक विद्यार्थी सुरुवात करतात ती रंगीत पट्ट्यांनी. एचटीएमएल ९० टक्के, जावास्क्रिप्ट ७५ टक्के. कशाचे ९० टक्के? हे मोजले कुणी? वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याखाली कॉलेजच्या प्रोजेक्टची यादी: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, ऑनलाइन शॉपिंग. डिप्लोमा किंवा डिग्रीच्या शेवटच्या वर्षी ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधून घेतलेल्या प्रत्येकाला ही नावे पाठ असतात. हे प्रोजेक्ट तयारही मिळतात, हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असते. आता तर एआयला सांगितले की दिसायला नीटनेटकी वेबसाइट थोड्या वेळात उभी राहते. तेव्हा 'मी हे बनवले' एवढे सांगून भागत नाही. हे असेच का बनवले, कुठे अडले, काय सोडून दिले, हे ज्याने काम केले तोच सांगू शकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तकांची शोधयादी केली. वाचक 'वाऱ्यावरची वरात' असे टाइप करतो, पुस्तक कपाटात आहे, यादीत आहे, तरी शोधात सापडत नाही. कारण युनिकोडमध्ये हा अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. यादी भरणाऱ्याने एक प्रकार वापरला आणि वाचकाच्या मोबाइलच्या कीबोर्डने दुसरा. उपाय असा, की शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच रूपात आणायचा. हातासरशी 'हरि' आणि 'हरी' या ऱ्हस्व-दीर्घाच्या घोळाचेही काहीतरी करायचे.

हे पोर्टफोलिओत लिहायचे कसे? प्रश्न काय होता हे दोन-तीन वाक्यांत. तो कुणाला भेडसावत होता ते. मग कारण कसे सापडले, कोडचा नेमका तेवढाच तुकडा आणि त्याचे स्पष्टीकरण. काय अजून जमलेले नाही तेही लिहा. आणि चालू वेबसाइटचा दुवा द्या, नुसता स्क्रीनशॉट नको. अशी तीन कामे पुरेत. बारा कामांच्या चौकटी एकाखाली एक लावलेल्या पानापेक्षा हे पान वाचणाऱ्याला तुमच्याविषयी कितीतरी जास्त सांगते. गटात केलेले काम असेल तर तुमचा वाटा कोणता, हे स्पष्ट लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येतो.

वरचे स्पष्टीकरण लिहिता लिहिता तुम्ही शिकवायला लागलेला असता, म्हणून खोल्या वेगळ्या नकोत असे म्हणतो. वाचनालयाच्या कामाखालीच 'युनिकोड म्हणजे काय' हा बारावीच्या मुलाला कळेल असा धडा जोडा. 'अध्यापनाचा दोन वर्षांचा अनुभव' या ओळीने जे पटत नाही, ते एका पूर्ण धड्याने पटते. सीएसएसमधला बॉक्स मॉडेल घ्या, सगळीच मुले तिथे अडखळतात. रुंदी ३०० पिक्सेल दिली, दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग आणि ५ पिक्सेल बॉर्डर, तर चौकट प्रत्यक्षात ३५० पिक्सेल जागा घेते. मुलांना वाटते आपले चुकले. धड्याच्या पानावरच हे आकडे बदलून बघायची सोय करा, मग पॅडिंग-बॉर्डर रुंदीतच धरणाऱ्या बॉर्डर-बॉक्सचे बटण द्या आणि चौकट ३०० वर आलेली त्यांना पाहू द्या. शेवटी दोन प्रश्न. असे पान बघणाऱ्या प्राचार्यांना तुमची शिकवण्याची पद्धत दिसते आणि कंपनीतल्या माणसाला तुमची जावास्क्रिप्ट.

विद्यार्थ्यांचे काम दाखवायचा मोह होतो, तिथे जपून. त्यांचे फोटो, नावे, गुण टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, शिकवण्यावर विश्वास टाकलेल्या मुलाचा चेहरा आपल्या जाहिरातीसाठी वापरू नये. स्वतःचा घरचा पत्ता, गुणपत्रिका, आधारचे छायाचित्र हेही नको. संपर्कासाठी फक्त ईमेल पुरतो.

दिसण्याबद्दल थोडक्यात. पान आधी मोबाइलवर नीट दिसले पाहिजे, कारण पहिल्यांदा ते तिथेच उघडले जाते. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातला उठाव किमान ४.५ ला १ असावा हा आंतरराष्ट्रीय निकष आहे. फिकट राखाडी अक्षरे त्यात नापास होतात. क्रोमच्या लाइटहाउसमध्ये हे तपासता येते. मराठी मजकूर असेल तर ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. आणि अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा. काही फॉन्टमध्ये तेवढ्याने ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मजकूर मराठीत वाचू शकतो. मुक्ता, बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट मोफत आहेत. ज्याला मराठी मुलांना शिकवायचे आहे, त्याने पानाचा मजकूर मराठीत ठेवावाच. इंग्रजी पान सोबत असू द्या.

आता पालकांच्या मनातला खर्चाचा प्रश्न. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संशोधन संस्थेने वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले, त्यामुळे वेबसाइट बनवायला कुणाला स्वामित्वधन द्यावे लागत नाही. अशी साधी वेबसाइट गिटहब पेजेसवर विनामूल्य ठेवता येते. स्वतःच्या नावाचे डोमेन हवे असेल तर तेवढी वार्षिक फी. शिकायला एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या वेबसाइट खुल्या आहेत. 'पोर्टफोलिओ बनवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. शिकाऊ डेव्हलपरने विकत घेतलेला पोर्टफोलिओ दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कॅम्पसमध्ये शेकड्यांनी भरती करणाऱ्या कंपन्या आधी अॅप्टिट्यूड चाचणी आणि टक्केवारी बघतात, वेबसाइट नंतर. छोट्या कंपन्या, फ्रीलान्स कामे, खासगी प्रशिक्षण संस्था इथे तिचा उपयोग जास्त. आणि पात्रतेला ती पर्याय नाही. पॉलिटेक्निकमध्ये अधिव्याख्याता व्हायचे तर एआयसीटीईच्या निकषांप्रमाणे अभियांत्रिकीची पदवी प्रथम वर्गात लागते, शाळेत शिकवायचे तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा आहेच. त्या मार्गाला जायचे असेल तर अर्ज आणि अभ्यासक्रम आधी, पोर्टफोलिओ सोबतीने. शिकवणे आवडते म्हणून पदवी अर्धवट सोडायचा विचार कुणी करत असेल तर त्याने तो करू नये.

वेळ किती द्यायचा? दिवाळीच्या सुट्टीत एक काम आणि एक धडा पुरा करून पान चालू करता येते. पुढे दर सत्राला एक भर. अर्धवट पान 'लवकरच येत आहे' असे लिहून ठेवू नका, ते काढून टाका. वर्षभर न हललेली तारीखही बघणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

आणि पालकांनो, तुम्हाला कोड कळत नसला तरी एक तपासणी तुम्हीच करू शकता. जेवणानंतर मुलाला किंवा मुलीला स्वतःचे एक काम तुमच्या मोबाइलवर उघडून समजावायला सांगा. मध्ये अडवा, 'म्हणजे काय?' विचारा. ज्या वाक्याला तो थांबेल किंवा इंग्रजी शब्दांआड जाईल, त्यावर खूण करा. ती वाक्ये त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावीत.