मार्कर हलवण्याआधी वर्णन लिहा

गेमच्या ध्वनिकामासाठी एआय एजंटला एखादं टूल देणार असाल, तर त्याचं डॉक्युमेंटेशन शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. माणूस मॅन्युअल न वाचताही टूल चालवतो. बटणं दाबून बघतो, अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंटपुढे येतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि द्यायच्या मूल्यांचा आराखडा. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने आणलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख मुख्यतः याच गोष्टींनी होते. आतला कोड सहसा त्याला दिसत नाही. वर्णनात काही राहून गेलं की ते तो अंदाजाने भरतो आणि तो अंदाज होता हे सांगेलच असं नाही.

आमच्या टीममध्ये एफमॉड स्टुडिओ या गेम-ऑडिओ सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवरचे मार्कर, म्हणजे नाव दिलेल्या खुणा, बदलणारं टूल तयार झालं. एफमॉड स्टुडिओला जावास्क्रिप्टमधून सूचना देता येतात आणि पोर्ट 3663 वरून बाहेरचा प्रोग्रॅमही त्याच्याशी बोलू शकतो, त्यामुळे एजंट जोडणं अवघड गेलं नाही. टूलचं वर्णन होतं एका ओळीचं : ‘इव्हेंटमधील मार्कर बदलतो.’ ते नीट लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, तोवर एक गोंधळ होऊन गेला होता.

एका साउंड डिझायनरने एजंटला सांगितलं, ‘या इव्हेंटमधले मार्कर नीट लावून दे.’ किंचित इकडेतिकडे सरकलेले मार्कर बीटवर यावेत, एवढंच त्याला हवं होतं. एजंटने ते केलं आणि जाताजाता नावंही एकसारखी करून टाकली. कुठे अंडरस्कोर, कुठे कॅपिटल अक्षर, कुठे आकडा आधी, अशी ती नावं विस्कळीत होतीच. संगीत ऐकायला अगदी चोख झालं. गेममध्ये मात्र बॉस येण्याच्या क्षणी दार उघडेना.

इव्हेंट वाजताना मार्कर आला, की एफमॉड गेमला त्या मार्करचं नाव आणि मिलिसेकंदांतलं स्थान कळवू शकतं. आमचा कोड ते नाव अक्षर न् अक्षर जुळवून दार उघडत होता. नाव बदललं, जुळणी तुटली. एररसुद्धा आली नाही, कारण अनोळखी नाव दिसलं तर कोड ते सोडून पुढे जात होता. तबल्याची सम चुकली तर बैठकीतला जाणकार लगेच मान वर करतो. मार्करचं बदललेलं नाव कुणाच्याच कानाला कळत नाही. त्यामुळे शोध सुरू झाला तो दाराच्या कोडात आणि ध्वनीकडे लक्ष गेलं फार उशिरा.

नवं वर्णन लिहिताना सर्वांत जास्त वेळ एककांनी घेतला. स्टुडिओच्या स्क्रिप्टमध्ये स्थान सेकंदांत असतं, गेमच्या बाजूला मिलिसेकंदांत, वेव्ह फाइलमधल्या क्यूमध्ये सॅम्पलच्या आकड्यात आणि संगीतकाराच्या तोंडी बार-बीटमध्ये. 120 बीपीएम आणि चार बीटचा बार धरला, तर एक बार 2 सेकंदांचा. सतरावा बार मग 32 व्या सेकंदाला सुरू होतो, 34 व्या नाही, कारण बारची मोजणी एकपासून असते. 44,100 सॅम्पल रेटच्या फाइलमध्ये तीच जागा 14,11,200 व्या सॅम्पलवर येते. रेट 48,000 आहे असं समजून कुणी तो आकडा भागला, तर उत्तर येतं 29.4 सेकंद. म्हणजे त्या बारला बॉसचं संगीत सुरू व्हायचं असेल, तर ते 2.6 सेकंद आधीच सुरू. म्हणून मूल्याचं नाव नुसतं ‘स्थान’ ठेवू नका, त्या नावातच ‘सेकंद’ येऊ द्या. बारपासून सेकंदापर्यंतचं एक सोडवलेलं उदाहरणही वर्णनात द्या.

त्यानंतर मार्करची ओळख. ‘लूप सुरू’ असलं नाव कितीतरी इव्हेंटमध्ये सापडतं. तेव्हा टूलने इव्हेंटचा पूर्ण पाथ आणि मार्करचा आयडी मागावा, आणि हा आयडी कुठल्या टूलकडून मिळतो तेही वर्णनात असावं.

सरकवणं, नाव बदलणं आणि काढून टाकणं ही तीन वेगळी टूल्स करा. नाव बदलणाऱ्या टूलच्या वर्णनात पहिलंच वाक्य असं लिहा : ‘हे नाव गेमचा कोड वाचतो, वापरकर्त्याने स्पष्ट सांगितल्याशिवाय बदलू नये.’ काढून टाकण्याच्या टूलमध्ये लिहा, की या मार्करकडे येणारी ट्रान्झिशन असतील तर त्यांना उतरायला जागा उरणार नाही. टेम्पो बदलल्यावर मार्कर सेकंदाला धरून राहतात की बारला, हे आधी तपासून घ्या आणि मगच लिहा.

एररचा मजकूर हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग. ‘स्थान अवैध’ एवढंच वाचून एजंट दुसरा एखादा आकडा घालून बघतो. ‘32000 सेकंद हे इव्हेंटच्या 94 सेकंदांच्या लांबीपलीकडे आहे, मूल्य मिलिसेकंदांत दिलं आहे का ते पाहा’ असं लिहिलं, तर त्याला दुरुस्तीची दिशा मिळते. काम झाल्यावरही नुसतं ‘यशस्वी’ नको. जुनं आणि नवं, दोन्ही मूल्यं परत द्या. प्रोजेक्ट सेव्ह झाला का, गेम वाचतो ती ध्वनीची फाइल, म्हणजे बँक, पुन्हा बिल्ड करायची राहिली आहे का, हेही उत्तरात येऊ द्या. बिल्ड न झालेला बदल बँकेत उतरत नाही, आणि ‘झालं’ या उत्तरावर विसंबून टीम जुनीच बँक तपासत बसते.

एक सावधगिरी उलट बाजूची. टूलचं वर्णन बहुधा प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जातं, त्यामुळे तिथे पानंच्या पानं ओतलीत तर महत्त्वाची सूचना हरवते. टूल कसं घडलं याचा इतिहास टीमच्या विकीत ठेवा. वर्णनात नियम, एकक, परिणाम आणि एक उदाहरण पुरे.

लिहून झालं की कोड न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त वर्णन द्या आणि विचारा, ‘हा मार्कर अर्धा बीट उशिरा आणायचा, तर कोणती मूल्यं देशील?’ तो जिथे अडेल तिथे एजंट अडणार नाही, पण चुकेल. हीच सूचना मग प्रोजेक्टच्या प्रतीवर एजंटला द्या. एफमॉडचा प्रोजेक्ट एक्सएमएल फाइलींमध्ये साठवलेला असतो, त्यामुळे काय बदललं ते व्हर्जन कंट्रोलमध्ये ओळीओळीने दिसतं.

तुमच्याकडे असं टूल आधीच चालू असेल, तर त्याचं वर्णन आज उघडून बघा. एकक कोणतं, मार्कर ओळखायचा कसा, नाव बदललं तर काय तुटेल आणि बदल गेमपर्यंत कधी पोचेल, या चार प्रश्नांची उत्तरं तिथे नसतील, तर ती लिहून होईपर्यंत एजंटला मूळ प्रोजेक्टपासून लांब ठेवा.