जुन्या चर्चचं सांस्कृतिक केंद्र करायचं, तर किती लागतील?

बंगळुरात जे. पी. नगरच्या सेकंड फेजमध्ये राहणाऱ्या मराठी घरात गावाकडून पाहुणे आले, की एक संध्याकाळ 'रंगशंकरा' नाट्यगृहासाठी राखलेली असते. नाटक संपल्यावर बाहेर चहा पिताना पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "आमच्याकडे मिशनच्या काळातलं दगडी चर्च बंद पडून आहे. तिथं असं काही उभं करायचं, तर किती लागतील?"

रंगशंकराची इमारत नवी आहे, त्यामुळे डागडुजीचा हिशेब तिथे मिळणार नाही. वेळेचा मात्र मिळतो. कन्नड अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग १९९० साली अपघातात गेले. त्यांच्या आठवणीसाठी पत्नी अरुंधती नाग आणि संकेत ट्रस्टने हे नाट्यगृह उभं केलं आणि पहिला पडदा २००४ मध्ये उघडला. चौदा वर्षं! तेव्हा पैशाआधी माणसं मोजा. दहा वर्षं टिकतील असे पाच-सहा जण हाताशी नसतील, तर पुढचे आकडे वाचून उपयोग नाही.

पहिला खर्च कागदाचा. चर्चमध्ये अजून रविवारची प्रार्थना होत असेल तर ती वास्तू मागूच नका. आवारातली बंद शाळा किंवा सभागृह मागा. कॅथलिक चर्च असेल तर उपासनेखेरीज दुसऱ्या वापराचा निर्णय बिशपांचा असतो, आणि तो वापर वास्तूला न शोभणारा नसावा अशी अट असते. इतर चर्चच्या मालमत्ता बहुधा त्यांच्या ट्रस्टच्या नावावर असतात. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने घ्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांचे करार करणारे भेटतात. दुसऱ्याच्या भिंतीवर लाखो रुपये घालायचे असतील तर तसं करू नका. किमान पंधरा-वीस वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा हवा. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल तर नवं बांधकाम होत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत सगळं परवानगीनेच.

आता बांधकाम. आकडे कल्पित घेऊ, पद्धत खरी आहे. समजा दुरुस्तीचं अंदाजपत्रक ६० लाखांचं आलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १० लाख ८० हजार. वास्तुविशारद आणि अभियंत्याची फी ८ टक्के धरली तर ४ लाख ८० हजार, तिच्यावर पुन्हा जीएसटी सुमारे ८६ हजार. शिवाय २० टक्के अडीअडचणीसाठी, म्हणजे १२ लाख. साठाचे ८८ लाख ४६ हजार झाले. हे २० टक्के कुणी काढायला सांगितलं तर ऐकू नका. जुन्या इमारतीत कौलं उतरवल्याशिवाय वाशांची वाळवी दिसत नाही.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो सिमेंटमध्ये. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्यासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. चुन्याचं काम महाग पडतं, कारण चुना आधी विरवून मुरवावा लागतो आणि हातात कसब असलेला गवंडी शोधावा लागतो. तरी ते दोनदा करावं लागत नाही. ठेकेदाराला पहिल्याच भेटीत विचारा, "चुन्याचं काम कुठे केलंय? दाखवा." चार-पाच वर्षांपूर्वीचं काम त्याने दाखवलं तरच पुढचं बोला.

खर्चाची दुसरी जागा आवाजाची. उंच छत आणि उघड्या भिंतींमुळे चर्चमध्ये समूहगान घुमतं, ते सुंदरच लागतं. त्याच घुमण्यात नाटकाचा संवाद मात्र विरून जातो. जाड पडदे, सतरंज्या आणि काढता-घालता येणारे आवाज शोषणारे फलक यांवर पैसे ठेवा. भिंतीला भोकं पाडून काहीही ठोकू नका. गाण्याच्या कार्यक्रमाला तोच घुमारा परत हवा असतो. वायरिंग पूर्ण नवी, स्वच्छतागृहं बाहेर वेगळी, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, बाहेर पडायला दुसरं दार: यात काटकसर नको.

पैसा कुठून? संस्कृती मंत्रालयाची सांस्कृतिक वास्तूंसाठी अनुदान योजना आहे. तिची कमाल मर्यादा महानगरांत ५० लाख, इतरत्र २५ लाख. अर्ज करण्याआधी ती चालू आहे का आणि अटी काय आहेत, ते पाहा. ऐतिहासिक वास्तूंचं जतन कंपन्यांच्या सीएसआरमध्ये बसतं, पण तुमच्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी. देणग्यांवरच्या करसवलतीची मान्यता संस्थेकडे असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्या देणगीदाराला ती मुळीच मिळत नाही. हे त्याला आधीच सांगा.

आणि रोजचा खर्च. १५० खुर्च्या, महिन्याला आठ प्रयोग, ६० टक्के गर्दी, २०० रुपये तिकीट (नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही). महिन्याला १ लाख ४४ हजार येतात. सत्तर टक्के नाटकमंडळींना दिले की हातात ४३ हजार २०० राहतात. त्यात रखवालदार, दिव्यांचा माणूस, सफाई आणि वीज. भागत नाही. म्हणून उद्घाटनाआधी तीन वर्षांच्या तुटीइतकी ठेव बँकेत हवी. ती जमत नसेल तर काम लहान करा: आधी छप्पर आणि एक खोली, बाकी पुढे.

चर्चची वास्तू तिचं मूळपण न मोडता वापरात आणता येते, हे पाहायचं असेल तर जुन्या गोव्यात जा. राशोलच्या सेमिनरीत १९९४ साली सुरू झालेलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय २००२ मध्ये सतराव्या शतकातल्या सांता मोनिका मठात आलं. चर्च नसलेलं उदाहरण हवं, तर बंगळुरात कामराज रोडवर दीडशेहून जास्त वर्षं जुन्या शाळेचं 'सभा' हे सांस्कृतिक केंद्र झालं आहे. दोन्हीकडे भिंती आणि छप्पर हात लावून बघा, आणि देखभालीला वर्षाकाठी किती लागतात ते तिथल्या व्यवस्थापकांना विचारा.

आपल्या चर्चची पहिली पाहणी मात्र जुलैत करा. अभियंत्याला भर पावसात आत उभं करा, खडू घ्या आणि जिथे जिथे ओल दिसेल तिथे भिंतीवर तारीख लिहा.