विमानात बसण्याआधी लिहून घ्या

भिवंडीतून कुणी ब्रिटनला शिकायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे काम मिळेल ना?" मुलं विचारतात, आणि त्यांच्या आधी त्यांच्या आया विचारतात. एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजला जाणाऱ्यांना मी आधी याचंच उत्तर देते, कारण घरातला सगळा हिशेब त्यावर मांडलेला असतो. सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासासाठी ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. दुकानात चार तास उभं राहण्याचीही नाही. काही विद्यापीठं एका सेमिस्टरलाही सीएएस नावाचं प्रवेशपत्र देतात. त्यावर स्टुडंट व्हिसा मिळतो आणि पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. आपलं विद्यापीठ यांतलं काय देणार, हे अर्ज करण्याआधी विचारायचं. "आधी व्हिजिटरवर जा, तिथे गेल्यावर स्टुडंट करून घेऊ" असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याच्या ऑफिसातून उठून या. ब्रिटनमध्ये राहून तो बदल होत नाही.

एजंटांबद्दल आणखी एक. ठाणे-कल्याणच्या बोर्डांवर 'सेमिस्टर अब्रॉड' लिहिलेलं असतं, पण त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खऱ्या एक्स्चेंजमध्ये दोन विद्यापीठांचा करार असतो. तुम्ही फी आपल्याच कॉलेजात भरता, तिकडची फी माफ होते, राहण्या-खाण्याचा खर्च तेवढा तुमचा. दुसऱ्या प्रकारात तुम्ही परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी भरून एक सेमिस्टर विकत घेता. दोन्हींत वर्ग तोच, प्राध्यापक तेच. फरक काही लाख रुपयांचा. कराराची प्रत कॉलेजच्या ऑफिसात मागा. प्रत दाखवता येत नसेल तर करार नाही असंच समजा.

मी गेले ती खऱ्या एक्स्चेंजवर, तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला, मँचेस्टरजवळच्या एका विद्यापीठात. विषय अर्थशास्त्र. बाबांचे लूम मजुरीवर चालतात. सूत व्यापाऱ्याचं, विणकाम आमचं. अशी घरं भिवंडीत हजारो आहेत आणि अशा घरांची व्हिसातली अडचणही सारखीच. धंद्यातला बराचसा पैसा रोखीचा. पार्टी पैसे देते तेव्हा हातात देते, कारागिरांचा पगारही हातात जातो, आणि पासबुकात वर्षभर काही हललेलं दिसत नाही. मग व्हिसाच्या आधी मामा, काका, शेजारी असे सगळे मिळून खात्यात रक्कम भरतात. व्हिसा अधिकाऱ्याला नेमकी तीच गोष्ट खटकते. एवढे पैसे अचानक आले कुठून, याचं कागदी उत्तर नसेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो, पण खात्याची तयारी त्याच्याही वर्षभर आधीपासून हवी. मजुरीची बिलं बँकेतून वसूल करा, आयकर विवरण वेळेवर भरा. मामांनी मदत केली तर त्यांचं पत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडा. स्टुडंट व्हिसाला तर ठरावीक रक्कम सलग 28 दिवस खात्यात पडून असावी लागते.

शिष्यवृत्तीच्या भरवशावर बसू नका. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मोठा आधार आहे, पण ती अनुसूचित जातीच्या मुलांच्या पदव्युत्तर शिक्षणाला आणि पीएच.डी.ला, पदवीच्या एका सेमिस्टरला ती नाही. ब्रिटनच्या ट्युरिंग योजनेचं नाव ऐकू येतं. ती तिथल्या विद्यापीठांतल्या मुलांना बाहेर पाठवण्यासाठी आहे, आपल्याला तिकडे नेण्यासाठी नाही.

आता मार्कांकडे येते, कारण माझं खरं नुकसान तिथे झालं. ब्रिटनमध्ये 40 ला पास, 60 ला वरचा सेकंड क्लास आणि 70 ला फर्स्ट क्लास. सत्तरी ओलांडणं तिथे अवघड असतं. मला एका पेपरात 68 मिळाले आणि शिकवणाऱ्या बाईंनी मुद्दाम बोलावून घेऊन कौतुक केलं. तेच 68 इकडे आल्यावर जसेच्या तसे 68 म्हणून मार्कशीटवर चढले. आपल्याकडे तेव्हा 80 च्या पुढे ओ ग्रेड मिळायची, त्यामुळे वर्गात वरच्या फळीत असलेली मी कागदावर एकदम मधल्या रांगेत आले. करारात मार्कांचं रूपांतर कसं करायचं याचा शब्दही नव्हता. अर्ज, खेपा, सह्या असं सगळं होऊन दुरुस्ती झाली. तोवर एम.ए.साठी जिथे जायचं मनात होतं तिथली यादी लागून गेली होती.

क्रेडिटचंही तसंच. तिथे वर्षाला 120 क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला 60, बहुधा 20-20 चे तीन विषय. आपल्याकडे सेमिस्टरला 20-22 क्रेडिट आणि विषय जास्त. तीन विषय शिकून आलेल्या मुलीचे इकडचे पाच-सहा पेपर कशात धरायचे? हे निघण्याआधी ठरलं नाही तर परत आल्यावर ए.टी.के.टी. असल्यासारखे राहिलेले पेपर द्यावे लागतात. म्हणून एक तक्ता करून घ्या: तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या पेपरच्या जागी, किती क्रेडिट, 70 म्हणजे इकडचे किती. खाली विभागप्रमुखांची आणि प्राचार्यांची सही, कॉलेजचा शिक्का, तारीख. तोंडी "होऊन जाईल" वर विसंबू नका. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण तुम्ही परत येईपर्यंत त्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलेलं असतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परत यावं लागलं. पण निघण्याआधी, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. 1920 मध्ये ते पुन्हा गेले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांची जिद्द सगळेच सांगतात; मला ती परवानगीही तितकीच मोठी वाटते. लंडनला गेलात तर प्रिमरोज हिलजवळच्या 10, किंग हेन्रीज रोडवरच्या घरी जाऊन या. ते त्या काळात तिथे राहत होते आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं.

तारखांचाही कागद हवा. तिकडचं पहिलं सत्र सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं आणि पुष्कळ ठिकाणी परीक्षा नाताळनंतर, जानेवारीत असते. आपलं पुढचं सेमिस्टर तोवर सुरू झालेलं असतं. एक्स्चेंजच्या मुलांना परीक्षेऐवजी डिसेंबरातच निबंध देऊन मोकळं करण्याची सोय काही विभाग करतात, पण ती मागावी लागते आणि ऑक्टोबरातच मागावी लागते.

राहण्याची जागा शक्यतो विद्यापीठाच्या हॉलमध्येच, म्हणजे वसतिगृहातच, घ्या. हॉलचे करार बहुधा 40 आठवड्यांच्या वरचे असतात. एका सेमिस्टरचा करार मिळेल का हे प्रवेशाच्या पत्रासोबतच विचारा, कारण अशा खोल्या थोड्या असतात. बाहेर खासगी घर घेतलंत तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घरमालकाला ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. घर न दाखवता फोनवरूनच डिपॉझिट मागणाऱ्याला एक पौंडही पाठवू नका. दुसरी गोष्ट काउन्सिल टॅक्सची, म्हणजे तिथल्या घरपट्टीची. विद्यार्थ्यांना तो माफ असतो असं सगळे सांगतात, पण माफीच्या नियमात अभ्यासक्रम वर्षभराचा धरलेला आहे. एका सेमिस्टरच्या विद्यार्थ्याला खासगी घरात त्याचं बिल येऊ शकतं. हॉलमध्ये ती कटकट नाही.

सामान भरताना आयांना एक सांगायचंय. तूप, खव्याचे पेढे, पनीर, दुधाचं आणि मांसाचं काहीही भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही. विमानतळावर सापडलं की काढून घेतात. ताजी पालेभाजीही नाही. चकली, चिवडा, मसाले, डाळी खुशाल द्या. मँचेस्टरला विल्मस्लो रोडवर रशोमच्या भागात आपल्याकडची सगळी किराणा दुकानं आहेत, उपाशी कुणी राहत नाही. मात्र हॉलच्या स्वयंपाकघरात फोडणी देताना दार घट्ट लावून पंखा पूर्ण सोडायचा. कडकडीत तेलात मोहरी-हिंग-मिरची पडली की धुराचा भोंगा वाजतो आणि रात्री दहा वाजता अख्खी इमारत थंडीत खाली उभी राहते.

थंडीपेक्षा अंधार जड जातो. डिसेंबरात मँचेस्टरला सकाळी सव्वाआठनंतर उजाडतं आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. भिवंडीत रात्रपाळीच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला ती शांतता सोसवत नव्हती. नोव्हेंबरात मी वर्ग सोडला तर खोलीबाहेर पडेनाशी झाले होते. हे दुखणं अनेकांना होतं आणि लाजेपोटी कुणी घरी सांगत नाही. विद्यापीठात समुपदेशक असतात, प्रत्येक विद्यार्थ्याला एक पर्सनल ट्यूटर नेमलेला असतो. पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटून ठेवा. दुपारी उजेड असेपर्यंत चालून या. 25 डिसेंबरला रेल्वे बंद, बहुतेक दुकानं बंद आणि हॉल रिकामा. त्या दिवशी कुणाकडे जायचं हे आधीच ठरवा. लंडनजवळ असाल तर डॉलिस हिलला 1932 पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे.

शरीराच्या दुखण्याचं वेगळं गणित आहे. सहा महिन्यांच्या आतल्या व्हिसावर आरोग्य अधिभार भरावा लागत नाही, म्हणून लोक खूश होतात. त्याची दुसरी बाजू अशी की हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवणं आणि दाखवणं मोफत आहे, अपघात विभागातले पहिले उपचारही. पुढच्या सगळ्यासाठी चांगला प्रवास विमा इथूनच काढा. दात इथेच दाखवून घ्या, तिकडे दातांचा खर्च परवडत नाही. तातडीला 999, साध्या सल्ल्याला 111.

आणि वर्ग. यासाठीच तर जायचं असतं. तिथे नोट्स मिळत नाहीत, वाचनाची यादी मिळते. सेमिनारला दहा-पंधरा जण गोल बसतात आणि वाचलेल्यावर तुमचं मत विचारलं जातं. पुस्तकातलं वाक्य संदर्भ न देता निबंधात उतरवलं तर तो गुन्हा धरला जातो आणि चौकशी होते. आपल्या गाईडच्या सवयीने कित्येक हुशार मुलं यात सापडतात. ग्रंथालयात संदर्भ कसे द्यायचे याचे वर्ग असतात, पहिल्याच आठवड्यात तिथे बसा.

पहिले काही आठवडे मी सेमिनारमध्ये तोंड उघडलं नव्हतं. मग एका रविवारी स्टायलला क्वारी बँक मिल बघायला गेले. सॅम्युअल ग्रेगने 1784 मध्ये उभारलेली ही सूतगिरणी आता संग्रहालय आहे आणि तिथे जुने माग चालवून दाखवतात. माग सुरू झाला, धोटा आपटायला लागला, आणि माझ्या बाजूच्या लोकांनी कानांवर हात ठेवले. मी फोनवर आवाज रेकॉर्ड करून बाबांना पाठवला. त्यांनी तो ऐकून लगेच फोन केला, "धोटा एका बाजूने उशिरा पोचतोय, मार ढिला आहे त्याचा. सांग त्यांना." मी खरंच सांगितलं. माग चालवणारे आजोबा वाकून बघायला लागले, मग त्यांनी मला बराच वेळ बसवून लँकेशायरच्या विणकरांचं सांगितलं: बायका धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यायच्या, छातीत तंतू जायचे, दात किडायचे. पुढच्या सेमिनारचं वाचन लँकेशायरच्या कापडाच्या मंदीवर होतं. गांधीजी 1931 मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी डार्वेनला जाऊन तिथल्या बेकार गिरणी कामगारांना भेटले होते, त्याचाही उल्लेख त्यात होता. मी हात वर केला. मजुरीवरचा लूम म्हणजे काय, व्यापारी दर पाडतो तेव्हा मालक आणि कारागीर दोघं काय करतात, हे सांगितलं. त्या खोलीत हे माझ्याइतकं जवळून कुणालाच माहीत नव्हतं. माझा 68 मार्कांचा निबंध त्यातूनच आला. तुम्हीही तिकडे जाताना आपल्या घरच्या धंद्याची, शेतीची, गोदामाची माहिती घेऊन जा. काल्हेर-माणकोलीच्या भातशेतीची गोदामं कशी झाली, हे तिथे कुणाला पुस्तकात सहजी सापडणार नाही.

परतीच्या आधीचा शेवटचा आठवडा फिरण्यात घालवू नका. विद्यापीठाचा ईमेल आणि लॉगिन काही काळाने बंद होतं, त्याआधी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, वाचनयादी, तपासलेले निबंध आणि त्यांवरचे शेरे उतरवून घ्या. गुणपत्रक आपल्या कॉलेजला थेट पाठवा म्हणून तिथल्या एक्स्चेंज ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गुणांच्या पद्धतीचा खुलासा, म्हणजे 70 ला तिथे फर्स्ट क्लास धरतात एवढं एक वाक्य, त्याच गुणपत्रकासोबत विद्यापीठाच्या लेटरहेडवर मागून घ्या. ते पत्र द्यायला त्यांना फार वेळ लागत नाही.